आजोबांच्या व्हायोलिनमध्ये ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ असं लेबल आहे, पण खाली ‘मेड इन जर्मनी’. हे कसं? किंमत किती येईल?

तुमचा हा प्रश्न वाचला. अशाच लेबलापायी माझ्या वडिलांनी वाड्यातल्या रस्त्याकडच्या दोन खोल्या सोडल्या, म्हणून लिहायला बसलो.

वाटणीच्या दिवशी थोरल्या काकांनी व्हायोलिन सतरंजीवर ठेवलं आणि म्हणाले, “अण्णा, हे तू घे. विकलंस तर अख्खी गल्ली विकत घेशील.” भोकातून बॅटरी मारली की आत पिवळट चिठ्ठी दिसायची: स्ट्रॅडिव्हेरियस, क्रेमोना, सतराशे अमुक. म्हणजे इटलीतल्या क्रेमोनाचा जगप्रसिद्ध व्हायोलिनकार स्ट्रॅडिव्हेरी. वडील भजनाला साथ करायचे, जीव अडकला होता त्यांचा. सही करून मोकळे झाले.

बारा वर्षांनी वरची फळी सुटली म्हणून पुण्यात एका कारागिराकडे नेलं. त्याने पातळ सुरी फिरवून फळी अलगद उचलली आणि आतून नखाने दाखवलं. बास-बार, म्हणजे वरच्या फळीला आतून आधार देणारी लांब पट्टी, वेगळा चिकटवलेला नव्हता, फळीच्याच लाकडातून कोरून ठेवला होता. कोपऱ्यांत ठोकळे नाहीत, छिन्नीचे ओरखडे तसेच. “वरून शालू, आतून गोणपाट,” तो हसला. “मार्कनॉयकिर्शेनकडचा माल.”

हे जर्मनीतल्या सॅक्सनीमधलं, बोहेमियाच्या (आजच्या चेक देशातल्या) सीमेलगतचं गाव. धर्मापायी बोहेमियातून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंट कारागिरांनी तिथे बस्तान बसवलं आणि १६७७ मध्ये १२ जणांनी व्हायोलिनकारांचा संघ काढला. एकोणिसाव्या शतकापर्यंत आसपासच्या गावांत घरोघरी कामं वाटली गेली. एका घरी नुसत्या माना आणि टोकाचा तो गोगलगायीसारखा वळसा, दुसरीकडे फळ्या, तिसरीकडे खुंट्या. जोडणारा वेगळा, आणि ठोक भावाने उचलून जगभर पाठवणारा व्यापारी वेगळा. मलई अर्थातच त्याच्याकडे. १८९३ मध्ये अमेरिकेने एवढ्याशा गावात स्वतःची वकिलातीची कचेरी थाटली, यावरून धंद्याचा अंदाज करा. आयुष्यभर एकच भाग कोरणाऱ्याचा हात किती बसत असेल! शिवाय घाईचं काम, म्हणून जे दिसत नाही तिथे कुणी वेळ घालवायचा नाही.

लेबलाचा अर्थ ‘या नमुन्यावर बनवलेलं’ एवढाच. स्ट्रॅडिव्हेरी १७३७ मध्येच गेला. देशाचं नाव घालायची पद्धत ब्रिटिशांच्या १८८७ च्या कायद्यानंतर रूढ झाली, त्यामुळे तुमचं व्हायोलिन त्यानंतरचंच धरा. मला तरी यात लबाडी वाटत नाही. लबाडी करतो तो ते लेबल दाखवून खोल्या घेणारा.

किंमत फोटोवरून कुणी सांगत असेल तर ऐकू नका. बऱ्याचदा दुरुस्तीचाच खर्च जास्त निघतो. पण त्याच गावात उत्तम हातांनी अख्खं व्हायोलिन घडवणारेही होते, तेव्हा जाणकाराला दाखवल्याशिवाय भंगारात घालू नका. आणि चकाकी यावी म्हणून खोबरेल तेल तर अजिबात चोळू नका, आमच्या आत्याने चोळलं होतं.

हे सगळं कळल्यावर काका म्हणाले, “म्हणजे कारखान्याचा माल निघाला की!” मी म्हटलं, कारखाना कसला, घरात बसून कोरलंय लोकांनी. त्यांना ते पटलं नाही. त्या दोन खोल्यांत आता मोबाइलचं दुकान आहे, भाडं काका घेतात. व्हायोलिन दर एकादशीला वाजतं.