फोटो राहू दे, वहीत काय लिहिलंयस ते सांग

काय गं,

रात्रीचे मेसेज सकाळी बघितले. मसाई पठारावर पॅलिड हॅरियरचा, म्हणजे भोवत्या या शिकारी पक्ष्याच्या एका जातीचा, नर दिसला म्हणतेस, तुझ्या तोंडात साखर पडो, पण त्या फोटोत मला आभाळ आणि एक पांढरा ठिपका एवढंच दिसतंय. ॲपनं काय नाव दिलं ते तर सांगूच नकोस, ठिपक्याला ते तरी काय करणार.

पहिली शंका कापशी घारीची. पन्हाळा रोडला तारेवर बसलेली असते बघ, राखाडी-पांढरी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. उडताना लांबनं भलेभले फसतात. आठव जरा, हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबत होता का सारखा? थांबत असेल तर विषय संपला, कापशीच ती. भोवत्याची चाल वेगळी, तो गवताला जवळजवळ घासून जातो, पंख वर व्ही सारखे धरून डुलत डुलत, मधेच गपकन वळून गवतात पडतो, नाकतोडा नाहीतर सरडा धरायला.

बरं, समजा भोवत्याच होता. तरी माँटेग्यू हॅरियरचा नर पण राखाडीच की, आणि दोघंही थंडीला कझाकस्तानकडच्या माळरानांवरनं इकडं येतात, सप्टेंबर-ऑक्टोबरपासनं मार्च-एप्रिलपर्यंत असतात. मग पंखाचं टोक बघायचं. पॅलिडला टोकाशी काळी निमुळती पाचर, बाकी पंख स्वच्छ. माँटेग्यूचं टोक जास्त काळं, शिवाय पंखाच्या वरच्या बाजूला आडवी काळी रेघ, पेनानं ओढल्यासारखी, आणि कुशीला तांबूस रेषा. ऊन पक्ष्याच्या पाठीमागं असलं तर यातलं काहीच दिसत नाही, नुसती काळी सावली. माद्या आणि कोवळी पिल्लं तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, त्यांच्या नादाला आत्ता लागूच नकोस, ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या त्या वेबसाईटवर, नुसतं हॅरियर म्हणून नोंदवायची सोय आहे ती बिनधास्त वापर, ओढूनताणून दिलेल्या नावापेक्षा मला तरी ती नोंद लाख पटीनं बरी वाटते.

आता वही. पक्षी गेला रे गेला की तिथंच कातळावर बसून लिहायचं, किती वाजले, ऊन कुठल्या बाजूचं, केवढ्या लांबनं बघितला, काय करत होता, जवळ कावळा असेल तर त्याच्या मानानं केवढा. आणि जे दिसलं नाही ते पण लिही, ‘पंखाचं टोक नीट दिसलं नाही’ असं सरळ. नाहीतर घरी येऊन पुस्तक उघडलं की त्यातलं चित्र आपल्या आठवणीत घुसतं आणि ती रेघ दिसलीच होती असं आपण शपथेवर सांगायला लागतो. ई-बर्डवर वेगळी नोंद टाकली की रिव्ह्यूवाले डिटेल विचारतात, तेव्हा रुसायचं नाही, त्यांचं कामच ते आहे, वहीतलं आहे तसं टाईप करून द्यायचं.

एक मात्र ठणकावून सांगतो, ग्रुपवर लोकेशनची पिन टाकू नकोस. हे पक्षी संध्याकाळी जमून उंच गवतात जमिनीवरच झोपतात, झाडावर नाही. पिन गेली की रविवारी गाड्या पार गवतात घुसतील, कोणतरी ड्रोन उडवेल, मागनं कुत्री, आणि ती जागा एकदा सोडली की सोडली. त्यात उन्हाळ्याच्या तोंडावर वणवे लागतात ते वेगळंच. फॉरेस्टवाल्यांना जागा सांगायला हरकत नाही, तेवढं मी करतो.

शनिवारी दुपारी तीनला रंकाळ्यावरनं निघू, चारच्या आत पठारावर पाहिजे. सूर्य मावळतीकडं असणार, म्हणून आपण गवताच्या पश्चिमेला थांबायचं, ऊन पाठीवर घेऊन. तो पिवळाजर्द जर्किन घालून येऊ नकोस, आणि घरी सांगून ये, परतायला अंधार होईल.