सिझरची तारीख ठरलीय, आता काय काय तयारी करू?

प्रश्न : ताई, मला नववा लागलाय, पहिलीच वेळ. बाळ पायाळू आहे म्हणून डॉक्टरांनी सिझर सांगितलंय आणि ३९ आठवडे पूर्ण झाल्यावरची तारीख दिलीय. पण सासूबाईंनी गुरुजींकडून मुहूर्त काढून आणलाय, तो त्याच्या दहा दिवस आधीचा. घरात सगळे म्हणतात दहा दिवसांनी असा काय फरक पडतो. मला वाद नकोय पण भीती वाटते. आदल्या दिवशी काय करायचं, सोबत काय न्यायचं, नंतर किती दिवस पडून राहायचं तेही सांगा. शेजारच्या काकू म्हणतात सिझर म्हणजे सोप्पं, कळा नाहीत काही नाही. – एक वाचक, कराड

उत्तर : अगं, आधी तारखेचंच बोलू, कारण दहा दिवसांनी खूप फरक पडतो. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसात पाणी भरलेलं असतं, शेवटच्या दिवसांत आणि मुख्य म्हणजे कळा सुरू झाल्यावर बाळाचं शरीर ते शोषून घेतं. ठरवून केलेल्या सिझरमध्ये कळा नसतातच, म्हणून आठवडे पुरते भरू द्यायचे. लवकर काढलेलं बाळ बऱ्याचदा धापा टाकतं, मग त्याला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नेतात आणि आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या मजल्यावर, दूध पाजायची पण चोरी. बीपी वाढलं, वार (बाळाला पोसणारा गोळा) खाली आहे, बाळाची वाढ थांबली अशी कारणं असतील तर डॉक्टर स्वतःच लवकरची तारीख देतात, ते वेगळं. नुसत्या मुहूर्तासाठी बाळाचे दिवस कमी करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

पण सासूबाईंशी भांडू नकोस, त्यांनाही नातवंडाचं भलंच हवंय. तू असं कर, पुढच्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचार की ३९ आठवड्यांनंतर कुठले दोन-तीन दिवस चालतील, आणि भूलतज्ज्ञ, बाळाचे डॉक्टर, ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) स्टाफ सगळे हजर असतात ती वेळ कुठली. मग त्या दिवसांतला, त्या वेळेतला मुहूर्त गुरुजींकडून मागायचा, मिळतो.

आता पायाळूचं. पायाळू माणसावर वीज पडते वगैरे लोक बोलतील, त्यात काही तथ्य नाही, मनाला लावून घेऊ नकोस. डॉक्टरांना एवढं विचार की बाहेरून पोटावरून बाळ फिरवता येईल का, काही जणींना तो प्रयत्न करता येतो, सगळ्यांना नाही. आणि ऑपरेशनच्या दिवशी परत एकदा सोनोग्राफी करून घ्या, बाळ आपणहून फिरलेलं असू शकतं. एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव, तारखेच्या आधी पाणी गेलं किंवा कळा आल्या तर अंघोळ, चहा, मुहूर्त काही बघायचं नाही, लगेच निघायचं. पायाळू बाळात पाणी गेल्यावर नाळ खाली घसरण्याची भीती जास्त असते.

तयारीतली मोठी गोष्ट म्हणजे रक्त. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर आत्ताच डॉक्टरांशी बोल, ऑपरेशनमध्ये रक्त नॉर्मल बाळंतपणापेक्षा जास्त जातं. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर बाळाचा ग्रुप तपासून लागलं तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं (पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ नये म्हणूनचं) इंजेक्शन घ्यायचं असतं, ते नवऱ्याच्याही लक्षात असू दे. दम्याचा त्रास, कुठल्या औषधाची ॲलर्जी, चालू गोळ्या हे सगळं भूलतज्ज्ञांना आपणहून सांग.

उपाशी राहायचं ते खरोखर उपाशी. साधारण सहा ते आठ तास जेवण बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुझे भूलतज्ज्ञ सांगतील ती वेळ पाळ. दुधाचा चहा हा पाणी नाही बरं का, तो जेवणातच धरायचा. "अगं घोटभर घे, काही होत नाही" म्हणणारं कोणीतरी घरात असतंच, पण उलटी होऊन फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. खालचे केस घरी ब्लेडने काढू नकोस, बारीक जखमा होतात आणि जंतू शिरतात, गरज असेल तर सिस्टर मशीनने कापतात. नेलपॉलिश काढून टाक. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी आईकडे काढून दे. बॅगेत पुढून उघडणारे गाउन, टाक्यांच्या वर येतील अशा सैल निकर, मोठे पॅड (सिझर झालं तरी अंगावरून जातंच, पाच-सहा आठवडे सुद्धा), बाळाची दुपटी, झबली, टोपडी आणि सगळी फाइल.

ओटीत गार वाटतं, पाठीत इंजेक्शन देतात, मग पाय जड होतात. तू जागी असशील, दुखणार नाही पण ओढल्यासारखं, ढकलल्यासारखं कळेल, ते घाबरण्यासारखं नाही आणि थंडी वाजल्यासारखं अंग थरथरलं तरी घाबरू नकोस. बाळ पहिल्या दहा मिनिटांत बाहेर येतं, नंतरचा वेळ टाके घालण्यात जातो. बाळ ठीक असेल तर छातीवर द्या म्हणून आधीच सांगून ठेव, पहिल्या तासात पाजलेलं फार चांगलं.

आणि काकूंचं ते सोप्पं वगैरे. पोटाचा एकेक थर उघडून गर्भपिशवी कापतात आणि परत सगळं शिवतात, हे मोठं ऑपरेशन आहे. अपेंडिक्स काढलेल्या माणसाला आपण पाहुण्यांसाठी चहा करायला उठवतो का? मग सिझर झालेल्या बाळंतिणीला का उठवायचं? पण नुसतं पडूनही राहायचं नाही, पहिल्या चोवीस तासांत सिस्टरचा हात धरून उठायचं आणि चार पावलं टाकायची, नाहीतर पायात रक्ताची गाठ होऊ शकते. उठताना आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड, मग हाताच्या जोरावर बस. खोकताना हसताना टाक्यांवर उशी दाबून धर. दुखायची वाट न बघता गोळ्या वेळेवर घे, तिथे देतात त्या गोळ्या पाजणाऱ्या आईला चालणाऱ्याच असतात आणि दुखणं कमी असलं की पाजायला नीट बसता येतं. बाळापेक्षा जड काही सहा आठवडे उचलायचं नाही, पाण्याची बादली तर नाहीच.

प्रश्न : माझ्या मुलीचं सिझर झालं, ती माहेरी आलीय. आमच्याकडे बाळंतिणीला पाणी कमी देतात, पोट सुटतं म्हणून, आणि खाटेखाली शेगडी ठेवतात. टाके पिकू नयेत म्हणून वरण-भात पण बंद केलाय. बरोबर ना? – एक आजी, बार्शी

उत्तर : आजी, तुम्ही तिची एवढी काळजी घेताय हे वाचून बरं वाटलं, पण या तिन्ही गोष्टी आजच बंद करा. पाण्याने पोट सुटत नाही. पाणी कमी पडलं की शौचाला कडक होतं आणि कुंथताना टाक्यांवर ताण येतो. वरण-भात, तूप, अंडी, पालेभाजी सगळं द्या, जखम भरायला डाळी-अंड्यातलं प्रोटीनच लागतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आनंदाने करा, फक्त जेवणाच्या जागी नको. शेगडीचं मात्र ऐकाच, बंद खोलीत कोळशाचा वायू साठतो, वास येत नाही आणि तान्ह्या बाळाचा जीव जाऊ शकतो. मालिश हातापायांना, पाठीला करा, पोटाला डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. ताप आला, टाक्यातून पू किंवा घाण वास आला, तासाला एक पॅड भिजायला लागलं, एकच पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सव्वा महिना संपायची वाट न बघता त्याच क्षणी दवाखान्यात. आणि ती विनाकारण रडत असेल तर तिला "आता कशाला रडतेस" म्हणू नका, जवळ बसा. दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही तर तेही डॉक्टरांना सांगायचंच दुखणं आहे.

प्रश्न : सरकारी दवाखान्यात सिझरला किती खर्च येतो? आणि एकदा सिझर म्हणजे दुसऱ्यांदा सिझरच का? – एक वाचक, परभणी

उत्तर : सरकारी दवाखान्यात काहीच नाही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ऑपरेशन, औषधं, तपासण्या, रक्त, आणि सिझर असेल तर सात दिवसांचं जेवण मोफत आहे, न्यायला-आणायला १०२ ची गाडी पण. कोणी पैसे मागितले तर या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा. दुसऱ्यांदा सिझरच असं काही नाही, पहिल्या वेळचं कारण आणि गर्भपिशवीवरचा छेद कसा आहे त्यावर ठरतं, पण मग बाळंतपण ओटी आणि रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच करायचं. मधे दीड-दोन वर्षं तरी दिवस राहू देऊ नका, तांबी (दिवस राहू नयेत म्हणून बसवतात ती कॉपर-टी) सिझरच्या वेळीच बसवता येते, आधी विचारून ठेवा. डिस्चार्ज कार्डावर छेद कुठला घेतला ते लिहून घ्या आणि त्या कार्डाचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा.