केज्ड ग्लुटामेट: पिंजरा की मुसकं?

बडोद्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: मेंदूविज्ञानावर मराठीत लेख लिहितेय, त्यात ‘केज्ड ग्लुटामेट’ला ‘पिंजराबद्ध ग्लुटामेट’ आणि ‘अनकेजिंग’ला ‘प्रकाशनियंत्रित स्राव’ चालेल का?

आधी ‘स्राव’ काढून टाका. स्राव पेशी करते. इथे चेतापेशीने काहीच सोडलेलं नसतं. ग्लुटामेट, म्हणजे चेतापेशींमधला संदेशवाहक रेणू, बाहेरून, द्रावणातून दिलेलं असतं आणि त्याला एक रासायनिक गट असा जोडलेला असतो की ते ग्राहीवर (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनावर) बसूच शकत नाही. अतिनील प्रकाशाचा झोत पडला की तो बंध तुटतो, ग्लुटामेट ग्राहीवर जाऊन बसतं नि पेशी उद्दीपित होते. द्वि-फोटॉन पद्धतीत (यात प्रकाशाचे दोन कण एकदम शोषले जातात) ७२० नॅनोमीटरच्या आसपासचा लेसर वापरून हे डेंड्राइटवरच्या, म्हणजे चेतापेशीच्या फांदीवरच्या, एकाच सूक्ष्म उंचवट्यापुरतंही घडवता येतं.

‘बद्ध’ तर सरळ उलटा अर्थ देतो. ग्राहीला जोडलेल्या रेणूला आपण बद्ध म्हणतो, आणि इथे जोडणीच अडवलेली आहे!

राहिला पिंजरा. कॅप्लन, फोर्बश आणि हॉफमन यांनी १९७८मध्ये केज्ड एटीपीवरचं (एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) काम प्रसिद्ध केलं, तेव्हापासून ‘केज्ड’ रूढ झालं. पण रेणूभोवती पिंजरा वगैरे काही नसतो, असतो तो एक सहसंयुज बंध. मला इथे मळणीचा बैल आठवतो. तो खळ्यात मोकळा फिरतो, फक्त तोंडाला मुसकं असल्याने कणसात तोंड घालू शकत नाही. हे ग्लुटामेटही पेशींभोवती मोकळं फिरतं. म्हणून ‘मुसकेबंद ग्लुटामेट’. (पोलिस आवळतात त्या मुसक्या वेगळ्या, त्या दंडांना.) शब्द गावरान वाटेल, पण अर्थ नेमका पोचवतो.

‘अनकेजिंग’साठी ‘प्रकाशमोचन’ सुचतं खरं, पण ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. त्याच चालीवर हे ‘प्रकाशातून सुटका’ होऊन बसेल. समासाचा हट्ट सोडा, ‘प्रकाशाने मुसकं सोडवणे’ असं सरळ क्रियापद वापरा.

ऑप्टोजेनेटिक्सला मात्र यातलं काही लावू नका. तिथे जनुकाद्वारे पेशीतच प्रकाशसंवेदी प्रथिन बसवतात, मुसकं कुणालाच नसतं.

आणि हो, तुमच्या मजकुरात गुजराती पाठ्यपुस्तकातला ‘चेताकोष’ दोनतीनदा डोकावलाय. मराठीत ‘चेतापेशी’ करा. आपल्याकडे कोष म्हटलं की शब्दकोश नाहीतर रेशमाचा किडा.