उच्चशिक्षित तरुणाने राजकारण कोठून सुरू करावे?

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांचा संगणक अभियंता असून पुण्यात नोकरी करतो. आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे आणि घरी सात एकर कोरडवाहू शेती आहे. शिकलेल्यांनी राजकारणात यावे असे सगळेच म्हणतात. पण मी गावी परतून त्यात उतरण्याचा विषय काढला की बाबा म्हणतात, ‘ते आपलं काम नाही, तिथं पैसा आन् जातच चालते.’ माझ्यासारख्याने खरोखर काही फरक पडेल का? आणि त्यासाठी नोकरी सोडावी का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्या बाबांचे म्हणणे अनुभवातून आलेले आहे आणि ते मी खोडून काढणार नाही. विधानसभेच्या उमेदवाराची अधिकृत खर्चमर्यादाच ४० लाख रुपये आहे. शिवाय १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे, पक्षादेश निघाला की आमदाराला त्याप्रमाणेच मत द्यावे लागते, मग त्याचे शिक्षण कितीही असो. त्यामुळे पदवीधर आमदार वाढले की कारभार आपोआप सुधारेल, हे मला पटत नाही.

तरीही माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि त्यामागे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव आहे. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वन खाते देईना, कारण १९२७च्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता, तर २००६च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारा जंगलातला माल, ठरवले होते. भांडण एका व्याख्येचे होते, आणि कायदा वाचलेल्या गावानेच ते लढवले. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे आले. देवाजी तोफा यांचे नेतृत्व गावातूनच उभे राहिले होते. चंद्रपूरचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल वर्षानुवर्षे गावाच्या अभ्यासगटात बसून कायदे उलगडत राहिले, निर्णय मात्र ग्रामसभेनेच, तोही सर्वसहमतीने घ्यायचा, हे त्यांनी कधी ढळू दिले नाही. शिकलेल्या माणसाचा राजकारणातला उपयोग मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो : त्याच्याजवळचे ज्ञान गावाच्या मालकीचे झाले.

पापळसारख्या खेड्यातून ऑक्सफर्डपर्यंत जाऊन डॉक्टरेट घेतलेले पंजाबराव देशमुखही दिल्लीत १९५२ ते १९६२ या काळात कृषिमंत्री होते, पण त्याआधी कित्येक वर्षे ते अमरावतीत शिक्षणसंस्था उभी करत होते. लोकांनी पाहिले ते हे काम. पदवी त्यांना नंतर आठवली.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की सुरुवात ग्रामपंचायतीपासून करावी. तिची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही आणि उमेदवाराचे वय २१ पूर्ण असले की पुरे. पैसा आणि जात तिथेही असतात, पण मतदार तुम्हाला नावाने ओळखतो. आपल्या गावाचा विकास आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. आपल्याकडे पांधण रस्ता कागदावर झालेला असतो आणि पावसाळ्यात बैलगाडी मात्र रुततेच. अशा वेळी तो कागद छापून पारावर वाचून दाखवणे, सचिवांना ग्रामसभेत नम्रपणे विचारणे आणि उत्तर न मिळाल्यास दहा रुपये भरून माहितीचा अधिकार वापरणे, हे संगणक जाणणाऱ्या माणसाला सहज जमेल. मात्र हे एकट्याने करू नका. बचत गटाच्या ताई आणि रोजगार हमीवर जाणारे मजूर यांना तो कागद स्वतः वाचता येईपर्यंत त्यांच्याबरोबर बसा, कारण तुम्ही पुन्हा पुण्याला गेलात तर मागे राहणार आहेत ते तेच.

नोकरी लगेच सोडू नये, असे मी आग्रहाने सांगतो. घरचा कर्ता मुलगा पगाराविना राजकारणात पडला की ठेकेदारांच्या उपकाराखाली यायला वेळ लागत नाही. एक वर्षभर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांना गावी या आणि बाबांनाही सोबत न्या. त्याआधी तुमचे नाव गावच्या मतदार यादीत आहे की पुण्याच्या, हे तपासा. ते पुण्यात हलवले असेल, तर गावी राहायला आल्यावर नमुना क्रमांक ८ भरून परत आणावे लागेल. त्याशिवाय ग्रामपंचायतीची उमेदवारी मिळत नाही.