टाकीवर तांबूस रेघा

प्रश्न: बाइकच्या टाकीचा रंग रिमूव्हरने काढला, पत्रा चकचकीत घासला नि क्लिअर कोट (पारदर्शक थर) मारला. दोन महिन्यांत झाकणाभोवती केसासारख्या तांबूस रेघा पसरल्या. काय चुकलं?

उत्तर: हा कोटखाली सरपटणारा गंज. मीही एकदा क्लिअर मारण्याआधी टाकीला उघड्या हाताने शिवलो होतो. महिन्याभरात माझ्याच बोटांचे ठसे गंजून वर आले! घामातलं मीठ, दुसरं काय. शिवाय आरशासारख्या पत्र्याला क्लिअर नीट धरत नाही. सगळं खरवडा, ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने बारीक ओरखडे आणा, हातमोजे घालून थिनरने पुसा आणि त्याच दिवशी हार्डनर मिसळून लावायचं, म्हणजे टू-के (दोन भागांचं) क्लिअर मारा. त्याच्या वाफा वाईट, योग्य मास्क हवाच. साधा स्प्रे कॅन नको, पेट्रोल सांडलं की त्याचा थर चिकट होतो. एवढं करूनही झाकणाची कड अधूनमधून बघत जा.