जास्त गोळ्या घेतलेला पेशंट शुद्धीवर आहे, ईसीजीही नॉर्मल आहे. तरी हॉस्पिटल सोडत का नाही?

आज रात्री घरी नेऊ नका. डामावर, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून पेशंट नेतोय या कागदावर, सही करायचीच असली तर उद्या करा.

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाने संध्याकाळी घरातल्या गोळ्या जास्त घेतल्या. वाशीच्या एका हॉस्पिटलात आहे, नीट बोलतोय, चहा मागतोय, दोन ईसीजी नॉर्मल आलेत, आणि मॉनिटरचे पैसे मात्र चढतायत. चुकून घेतल्या की मुद्दाम, हे तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. शंका येणं साहजिक आहे. मी ठाण्यात बारा वर्षं कॅज्युअल्टी आणि आयसीयूत सिस्टर आहे, फुगवलेली बिलं मीही पाहिलीत. हे मात्र त्यातलं नाही.

ओव्हरडोस म्हटलं की लोकांना बेशुद्ध पडलेला माणूस दिसतो. अफूच्या जातीच्या औषधांत, म्हणजे मॉर्फीन, कोडीन, गर्द यांत, तसंच होतं. आधी श्वास मंदावतो, ऑक्सिजन उतरतो आणि शेवटी हृदय थांबतं. श्वास वेळेत सांभाळला, नॅलॉक्सोन हा उतारा मिळाला, तर हृदयाला सहसा धक्का लागत नाही. एमडीचं उलटं. (मेफेड्रोन. २०१५ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी पोरं येतातच.) त्यात हृदय चाबूक मारल्यासारखं पळतं.

तिसरी तऱ्हा गुपचूप असते. पेशंट गप्पा मारत असतो आणि बिघाड हृदयाच्या विजेत होत असतो. प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशीत सोडियम आत शिरतं, मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. काही औषधं यातलं एखादं दार अडवतात. ॲमिट्रिप्टिलीन सोडियमचं दार अडवतं. हे नैराश्याचं जुनं औषध, पण मायग्रेनला आणि नसांच्या दुखण्यालाही देतात, म्हणून बऱ्याच घरांत ‘झोपेची गोळी’ या नावाने पडलेलं असतं. सोडियमचं दार अडलं की ईसीजीतला टोकदार भाग, क्यूआरएस, रुंद व्हायला लागतो. कागदावरचा एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. क्यूआरएस अडीच चौकोनांच्या पुढे सरकला की आम्ही सोडाबायकार्ब, म्हणजे त्यावरचं इंजेक्शन, हाताशी काढून ठेवतो.

पोटॅशियमचं दार अडलं की क्यूटी, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून पेशी पुन्हा तयार होईपर्यंतचा ईसीजीवरचा वेळ, लांबतो. मेथाडोन, हॅलोपेरिडॉल, क्लोरोक्वीन, काही अँटिबायोटिक्स, सगळी याच यादीतली. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसुद्धा भलत्या प्रमाणात घेतली तर हेच करते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याबद्दल इशारा दिला होता. ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरून काढलेला क्यूटी, म्हणजे क्यूटीसी, ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला की धोका खूप वाढतो. मग मॉनिटरवर एक विचित्र नक्षी उमटू शकते. गणपतीच्या मखराला क्रेपची पट्टी पिळून लावतो ना, हुबेहूब तशी. फ्रेंच डॉक्टर देसर्तेन यांनी १९६६ मध्ये तिचं वर्णन केलं, नाव टोर्साड द प्वांत. ती आपोआप थांबली तर पेशंटला नुसती भोवळ येते. नाही थांबली तर काही मिनिटांचा खेळ. उपचार म्हणजे शिरेतून मॅग्नेशियम, वेळ पडली तर शॉक. हे उपचार घरच्या पलंगावर होत नाहीत, आणि १०८ कितीही लवकर आली तरी ही मिनिटं हातात नसतात.

आता तुमचे दोन नॉर्मल ईसीजी. ईसीजी म्हणजे त्या दहा सेकंदांचा फोटो. ॲमिट्रिप्टिलीनसारखी औषधं आतड्याची हालचालच मंद करतात, त्यामुळे पोटातली गोळी सावकाश रक्तात उतरते. तिचा त्रास बहुतेक वेळा पहिल्या सहा तासांत दिसतो. पण पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल असेल तर गोळी मुळातच हळू विरघळायला बनवलेली असते. बीपीच्या अशा गोळ्या असतील तर २४ तास लक्ष ठेवावं लागतं.

मी स्वतः एकदा फसले आहे. माझ्या सासूबाई कोपरखैरण्याला राहायच्या आणि डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी घ्यायच्या, आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. जुलैत जुलाब लागले, त्यात वार चुकले आणि सुट्टीच्या दिवशीही गोळ्या पोटात गेल्या. अन्न नको, मळमळ. जवळच्या एका दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं आणि मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अगं, हा भात पिवळा का दिसतोय?” तेव्हा कुठे मी नाडी धरली. बेचाळीस! जुलाबांनी पोटॅशियम उतरलेलं, मूत्रपिंड थकलेलं, त्यामुळे जेमतेम दोन-चार जादा गोळ्यांनीही लय बिघडली. चार दिवस आयसीयूत होत्या, बऱ्या झाल्या. नाडी बघायला मला दीड दिवस लागला, हे घरात अजून कोणी बोलून दाखवत नाही.

तर आता तुम्ही करायचं ते. घरी कुणाला तरी पाठवून रिकामी पाकिटं गोळा करा, कचऱ्याचा डबाही उपसायला सांगा. ‘झोपेच्या गोळ्या’ एवढ्याने डॉक्टरांचं भागत नाही, नाव लागतं. शिवाय गोळ्या किती वाजता घेतल्या, घरात बीपीच्या, साखरेच्या, हृदयाच्या कुणाच्या गोळ्या आहेत, तेही सांगा. मग आरएमओला, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटीच्या डॉक्टरांना, सरळ विचारा: क्यूआरएस किती, क्यूटीसी किती, पोटॅशियमचा रिपोर्ट आला का, पुढचा ईसीजी कधी? यांची उत्तरं न देता कुणी नुसतं ‘ऑब्झर्वेशन’ म्हणत असेल, तर मोठ्या डॉक्टरांना बोलावून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच्याशी एकदा बोलावं, हे तुम्ही होऊन मागा. घरी गेल्यावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. गोळ्यांचा डबा काही महिने कुलपात राहू दे, आणि किल्ली वहिनींकडे द्या, त्याच्यासमोर नको.