पीएचडीचा विषय तुमच्या टेबलावरच आहे

नमस्कार ताई,

समाजकल्याण विभागातली नोकरी, अर्थशास्त्रात एम.ए. 58 टक्के, आणि प्रश्न असा की नोकरी न सोडता पीएचडी करावी का. केली तर धोरणाला काही उपयोग होईल, की नुसतं नावापुढे डॉ. लागेल? माझं मत : जरूर करा, पण विषय स्वतःच्या कामातूनच निवडा.

नियमांचं आधी उरकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएचडी करता येते. पदव्युत्तरला 55 टक्क्यांची अट तुम्ही पूर्ण करता. मुदत किमान 3 आणि कमाल 6 वर्षं. महिलांना 2 वर्षांची जादा सवलत मिळू शकते. कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएचडीतल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, कार्यमुक्त करू, हे त्यात लिहिलेलं हवं. ते वाक्य आहे ना, हे सही घेण्याआधीच बघा.

'शिष्यवृत्ती योजनांचा चिकित्सक अभ्यास' हा तुम्ही सुचवलेला विषय मात्र सोडा. एवढ्या पसरट प्रबंधातून नेमका कोणता निर्णय घ्यायचा, हे विभागात कुणालाच कळणार नाही. तुम्ही पत्रात ओघात लिहिलंय की मंजूर अर्जांचे पैसेसुद्धा बँक खातं आधारशी न जोडल्यामुळे अडकतात. विषय तिथे आहे! कोणत्या मुलामुलींचे जास्त अडकतात? पैसे उशिरा मिळालेल्यांपैकी पुढच्या वर्षी प्रवेश किती जण घेतात? याचं पक्कं उत्तर हाती आलं, तर निदान एक परिपत्रक बदलता येईल. बाहेरच्या संशोधकाला हे सहसा सुचत नाही, कारण अडकलेल्या अर्जांची यादी त्याच्यासमोर कधी येतच नाही.

पण ती यादी तुमच्या लॉगिनवर दिसते म्हणून तुमची होत नाही. नावं आणि आधार क्रमांक वगळून माहिती वापरण्याची लेखी परवानगी घ्या, आणि ती विभागाकडून घ्या. फक्त सध्याच्या साहेबांच्या शब्दावर विसंबलात, तर त्यांची किंवा तुमची बदली झाली की काम ठप्प. निष्कर्ष विभागाला अडचणीचे निघाले तरी प्रबंधात छापता येतील, हेही त्याच पत्रात येऊ द्या. नंतर हा मुद्दा काढणं फार अवघड जातं.

प्रबंध पुरा होईपर्यंत निष्कर्ष दाबून ठेवू नका. अंदाजपत्रकाची तयारी सुरू होण्याआधी दरवर्षी दोन पानांची टिपणी वरिष्ठांना सादर करा. मार्गदर्शक आकडेवारीत मुरलेले हवेत. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी बोलून मगच ठरवा.

प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाबरोबरच वरील प्रश्नावर एक पान लिहून काढा आणि मार्गदर्शकांना भेटायला जाताना तेच सोबत न्या.